आधी माप, मग मशीन : घरी गाडी जोडायची तर हत्यारं कोणती?

अंगणात गाडी जोडायचं डोक्यात आलं की माणूस आधी वेल्डिंग मशीनची किंमत विचारायला जातो. माझा सल्ला उलटा आहे. पहिल्या दिवशी पाच मीटरची टेप, एक चांगला गुण्या आणि दहा मीटर पारदर्शक नळी एवढंच घेऊन घरी या. वेल्डिंग मशीन तिसऱ्या महिन्यात आलं तरी काही बिघडत नाही. घरी जोडलेल्या गाडीची चौकट वाकडी निघते तेव्हा बोल वेल्डरला लागतो. खरं तर ती मापातच वाकडी झालेली असते, वेल्डिंग तो वाकडेपणा फक्त पक्का करतं.

हा लेख पालीसारख्या गावातल्या वाचकाला समोर ठेवून लिहिला आहे. बीडहून मांजरसुंब्याकडे निघालं की बिंदुसरा धरणाच्या काठी लागणारं हे महामार्गावरचं गाव. दारावरून रोज शेकडो वाहनं जातात. दिवाळीनंतर ऊसतोडीला निघणारे ट्रॅक्टर-ट्रॉल्या, टेम्पो, पिकअप यांच्या दुरुस्तीत या भागातल्या पोरांचे हात लहानपणीच काळे होतात. ट्रॉलीचा साटा बदलणं, फाळ जोडणं, मोटार खोलणं हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही. अडतं ते तीन गोष्टींवर : वीज सिंगल फेज असते, जमीन काळी असते आणि ‘नजरेनं सरळ दिसतंय की’ ही सवय हाडीमासी मुरलेली असते. ट्रॉलीला दोन सुतांचा फरक चालून जातो. ज्या चौकटीवर चार चाकांची दिशा ठरते, तिला चालत नाही.

किट कार म्हणजे काय?

चौकट, बॉडी आणि काही खास भाग नवे घ्यायचे किंवा बनवायचे; इंजिन, गिअरबॉक्स, एक्सल, स्टिअरिंग, ब्रेक एखाद्या जुन्या गाडीतून काढायचे; आणि सगळं घरी जोडायचं. याला किट कार म्हणतात. कॉलिन चॅपमननं १९५७ मध्ये इंग्लंडात आणलेली लोटस सेव्हन ही या जातीची गाजलेली गाडी. तयार गाडीवर तिथं भारी खरेदी-कर होता, सुट्या भागांवर तो लागत नसे. म्हणून गाडी खोक्यांतून विकली जाई. सोबत जोडणीच्या सूचना दिल्या तर करसवलत जायची, मग कंपनी गाडी ‘खोलण्याच्या’ सूचना द्यायची आणि गिऱ्हाईक त्या शेवटाकडून वाचायचं. ही युक्ती लक्षात ठेवा, पुढे आपल्याला ती उपयोगी पडणार आहे.

आपल्याकडेही याचे नमुने आहेत. अलिबागजवळ चिंकारा मोटर्स या छोट्या कंपनीनं लोटस सेव्हनच्या वळणाची ‘रोडस्टर १.८ एस’ बनवली. बॉडी फायबरची आणि इंजिन ॲम्बेसेडरमध्ये बसायचं ते इसुझूचं १.८ लिटरचं. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या भागांतून किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. खर्च साधारण ६० हजार. २०२१ च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं आणि पुढच्याच महिन्यात तिच्या बदल्यात त्यांना बोलेरो दिली. तिसरा नमुना अभियांत्रिकी महाविद्यालयांचा. ‘बाहा एसएईइंडिया’ या स्पर्धेसाठी २००७ पासून विद्यार्थी एका माणसाची, खडबडीत रस्त्यावर पळणारी बग्गी स्वतः जोडतात. त्यांच्या वर्कशॉपात कधी गेलात तर मशीनकडे पाहू नका. नळ्या टाके (वेल्डिंगचे छोटे ठिपके) मारण्याआधी कशा बांधून, आवळून ठेवल्या आहेत ते पाहा. आपल्याला शिकायचंय ते तिथं आहे.

पहिलं हत्यार : कागद

एक रुपया खर्च करण्याआधी हे वाचा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ३९ प्रमाणे नोंदणीशिवाय वाहन चालवता येत नाही. नव्या बनावटीच्या गाडीचा नमुना केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ खाली मान्य चाचणी संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. पुण्याच्या एआरएआय आणि सीआयआरटी, तसंच शेजारच्या अहिल्यानगरची व्हीआरडीई या त्यातल्या आपल्या जवळच्या संस्था. पण ही वाट कारखानदारासाठी आखलेली आहे. एकट्या हौशी माणसाला तिचा खर्च आणि खटाटोप झेपणं अवघड.

‘मग शेतात चालवू’ असंही परस्पर ठरवू नका. कलम ३९ ची भाषा सार्वजनिक जागेपुरती थांबत नाही. केवळ कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेलं खास वाहन ‘मोटार वाहना’च्या व्याख्येबाहेर ठेवलेलं आहे. आपलं वाहन त्यात बसतं का, हे बीडच्या परिवहन कार्यालयात, म्हणजे एमएच २३ वाल्यांकडे, जाऊन लेखी विचारा.

दुसरी वाट जास्त शहाणपणाची आहे. कागदपत्रं धड असलेली जुनी जीप किंवा कार घ्या आणि मूळ चासी नंबर, इंजिन नंबर कायम ठेवून ती पूर्ण उघडून पुन्हा उभी करा. इथंही कलम ५२ आहे : नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२अ प्रमाणे बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. भाग काढण्यासाठी जुनी गाडी कायमची मोडणार असाल, तर कलम ५५ प्रमाणे १४ दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवून नोंदणी रद्द करून घ्या. नाही तर भंगारात गेलेल्या गाडीच्या नंबरावर कुणी काय केलं, याचं उत्तर तुम्हाला द्यावं लागेल.

नवी चौकट असो वा जुनी जीप, हत्यारं जवळपास तीच लागतात.

दुसरं हत्यार : जमीन

सेव्हनसारखी गाडी साधारण ३.३ मीटर लांब आणि दीड-पावणेदोन मीटर रुंद असते. चहूबाजूंनी मीटरभर मोकळं सोडलं तर १२ बाय १८ फुटांची जागा लागते. वर पत्रा, खाली सिमेंटचा कोबा हवा. सारवलेलं अंगण चालणार नाही, जॅक त्यात रुततो.

कोबा करताना काळ्या मातीचा स्वभाव विसरू नका. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, वरचा पातळ कोबा तिच्यासोबत हलतो. फुटभर काळी माती काढून मुरूम भरा, पाणी मारून चोपा, मगच कोबा घाला. जमणार नसेल तर जमिनीवर भरवसा न ठेवता बिल्ड टेबल करा : चौरस नळीचा सांगाडा, पायांना उंची कमी-जास्त करणारे बोल्ट आणि वर १८ किंवा १९ मिमीची ८ बाय ४ फुटांची प्लायशीट. गाडी लांब असेल तर टोकाला तुकडा जोडा.

आता ती पारदर्शक नळी काढा. पाणी भरा, बुडबुडे पूर्ण जाऊ द्या. एक टोक टेबलाच्या एका कोपऱ्याशी धरा, दुसरं समोरच्या कोपऱ्याशी न्या. दोन्हीकडे पाण्याची पातळी टेबलापासून सारखी येईपर्यंत पायांचे बोल्ट फिरवा. गवंडी हेच करतो. ही स्वस्त नळी दहा फुटांवर जी अचूकता देते, ती हातभर लांबीची स्पिरिट लेव्हल देऊ शकत नाही. काम सुरू असताना दर आठवड्याला आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर लगेच ही तपासणी पुन्हा करा.

मापणारी हत्यारं

टेप, गुण्या, व्हर्निअर, ओळंबा, आखणीची सुई आणि सेंटर पंच. व्हर्निअर साधा, ०.०२ मिमी दाखवणारा पुरतो. काम संपेपर्यंत टेप एकच वापरा. दोन टेपांच्या टोकाच्या हुकांत मिलिमीटरभर फरक सहज असतो.

काटकोन तपासायला ९० सेंटिमीटर, १२० सेंटिमीटर आणि तिरपं १५० सेंटिमीटर हा जुना तीन-चार-पाचचा हिशेब वापरा. चौकोन जमला की दोन्ही कर्ण मोजा. बाजू सारख्या असूनही कर्णांत फरक येत असेल, तर चौकट पतंगासारखी तिरकी झाली आहे. दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक सोडू नका.

मापाचा आणखी एक उपयोग दुकानात होतो. अशा चौकटींना २५ बाय २५ मिमीची, १६ गेजची म्हणजे १.६ मिमी जाडीची चौरस नळी वापरायचा प्रघात आहे. ६ मीटरच्या अखंड नळीचं वजन साधारण ७ किलो भरायला हवं. साडेपाचच्या आसपास भरलं तर ती १.२ मिमीची आहे, बिलावर काहीही लिहिलेलं असो. दुकानातच काट्यावर ठेवा आणि कापलेल्या तोंडाला व्हर्निअर लावा.

धरणारी हत्यारं

घरच्या कामात सगळ्यात कमी खरेदी यांची होते आणि सगळ्यात जास्त चूक इथंच होते. हातात धरलेला तुकडा कापताना सरकतो आणि पायानं दाबलेली नळी वेल्डिंगच्या उष्णतेनं उचलते. पाच इंची व्हाइस टेबलाला बोल्टानं पक्का करा. आयटीआयच्या पुस्तकात त्याला शेगडा म्हणतात. आठ-दहा सी-क्लॅम्प, दोन-तीन लॉकिंग पकडी आणि दोन-चार चुंबकी गुण्ये घ्या. चुंबकी गुण्याचा उपयोग तुकडा उभा ठेवण्यापुरता. काटकोन लोखंडी गुण्यानंच तपासा.

क्लॅम्प महाग वाटत असतील तर प्लायच्या टेबलावर चौकटीचं चित्र खऱ्या मापात काढा आणि रेषेच्या दोन्ही बाजूंना लाकडाचे ठोकळे स्क्रूनं बसवा. नळी त्या दोन ठोकळ्यांत घट्ट बसते. टाके मारण्यापुरतं हे पुरेसं आहे. पूर्ण वेल्डिंगआधी चौकट ठोकळ्यांवरून उचला, नाहीतर प्लाय जळेल.

कापणारी हत्यारं

चार इंची ग्राइंडर आणि १३ मिमी चकचं हॅमर ड्रिल ही दोन वीजयंत्रं खरी गरजेची. दोन्ही नावाजलेल्या कंपनीची आणि जवळ कार्बन ब्रश मिळतील अशीच घ्या. बाकी हातकाम. हॅकसॉला पातळ नळीसाठी इंचाला २४ किंवा ३२ दातांचं पातं लावा, १८ दातांचं पातं नळीच्या काठावर अडकून मोडतं. चपटी, अर्धगोल आणि गोल अशा तीन कानशी घ्या. ‘जेके’च्या कानशी आपल्या कोकणातच, रत्नागिरी-चिपळूणकडे बनत आल्या आहेत आणि तालुक्याच्या दुकानात मिळतात. नळीच्या तोंडाला खोबण घालून ती दुसऱ्या नळीवर फट न राहता बसवणं हे कानशीचं काम आहे. तिथं घालवलेली दहा मिनिटं वेल्डिंगमध्ये वसूल होतात.

ग्राइंडरचे तीन नियम आहेत. गार्ड काढायचं नाही. कटिंग डिस्कवर छापलेला वेग ग्राइंडरच्या वेगापेक्षा जास्तच असला पाहिजे. चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतं. आणि त्यावर लाकूड कापायचं दातेरी पातं कधीच लावायचं नाही. चष्मा लावा. उपरणं, गळ्यातला दोरा, सैल बाही दूर ठेवा.

जोडणारी हत्यारं

आता वेल्डिंग मशीन घ्या. २०० ॲम्पियरचं इन्व्हर्टर मशीन घरगुती सिंगल फेजवर चालतं, पण घेण्याआधी संध्याकाळी, सगळ्या घरांचे दिवे लागले असताना, आपल्या घरातलं व्होल्टेज मल्टिमीटरवर मोजा. ते १८० च्या खाली उतरत असेल तर कमी व्होल्टेजवर चालणारं मॉडेल मागा, किंवा वेल्डिंग पहाटे करा. मीटरपासून शेडपर्यंत ४ चौ. मिमीची तांब्याची वायर, वेगळा एमसीबी, ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी आणि नीट पुरलेलं अर्थिंग हा खर्च मशीनच्या किमतीतच धरा. शेतीपंपाच्या जोडणीवर वेल्डिंग करू नका. ती वीज त्या कामासाठी दिलेली नाही.

१.६ मिमी नळीला २.५ मिमीचा ६०१३ जातीचा रॉड, ६० ते ८० ॲम्पियरवर. रॉड कोरडे हवेत. पावसाळ्यात ते पत्र्याच्या डब्यात झाकण घट्ट लावून ठेवा. सीओटू वेल्डिंग, ज्याला मिग म्हणतात, पातळ नळीला जास्त सोपं जातं, पण गॅसची टाकी आणि तिचं भरणं पालीहून परवडतं का, ते पाहा. सुरुवातीला रॉड पुरे.

आधी सगळीकडे फक्त टाके मारा. एक टाका इथं, पुढचा समोरच्या कोपऱ्यात. सगळी चौकट टाक्यांवर उभी राहिली की पुन्हा मोजा : कर्ण, उंची, पातळी. टाका ग्राइंडरनं मिनिटात सुटतो. पूर्ण वेल्ड सोडवायला दिवस जातो आणि नळीही जाते. पूर्ण वेल्डिंगही एका सलग ओळीत करू नका, थोडं इथं, थोडं तिथं, लोखंड गार होऊ देत.

दहा-अकरा शेडची काच किंवा आपोआप गडद होणारं हेल्मेट, चामडी हातमोजे, सुती पूर्ण बाहीचे कपडे वापरा. गॅल्व्हनाइज्ड नळीवरचा जस्ताचा थर टाक्याच्या जागी घासून काढा. त्या धुरानं थंडी-ताप भरतो. गाडीवर वेल्डिंग करताना बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी सोडवा. पेट्रोलची टाकी रिकामी असली तरी तिला रॉड लावू नका. रिकाम्या टाकीतली वाफच जास्त घातक असते.

खोलणारी हत्यारं

भाग कोणत्या गाडीतून काढायचे, त्यावर पाने ठरतात. आपल्याकडे स्वस्त आणि गावोगावी सुटे भाग मिळणारी गाडी म्हणजे मारुती. ८०० आणि ओम्नी दोन्हींत ७९६ सीसीचं तीन सिलिंडर इंजिन, पण ८०० चं इंजिन आडवं बसतं आणि पुढची चाकं ओढतं, ओम्नीत ते सीटखाली उभं बसतं आणि मागची चाकं ढकलतं. लांब बॉनेट आणि मागे ताकद अशी सेव्हनसारखी रचना हवी असेल तर ओम्नीचं इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा एक्सल ओळीनं बसतो. ८०० घेतली तर सगळा पुढचा संच उचलून मागे बसवायची बग्गी जास्त सोपी.

पाने विकत घेताना हा घोळ आधी समजून घ्या. ८ मिमी आट्याच्या बोल्टाला मारुतीच्या जपानी वळणात १२ चा पाना लागतो. बाजारातल्या साध्या बोल्टाला १३ चा. १० मिमीला तिकडे १४ चा, इकडे १७ चा. जुन्या जीपला इंची पाने : ७/१६, १/२, ९/१६. म्हणून ६ ते ३२ चा दुतोंडी संच, तसाच रिंग पान्यांचा संच आणि अर्धा इंच ड्राइव्हचा गोटी सेट घ्या, त्यात १०, १२, १३, १४, १७ आणि १९ चे पाने नक्की आहेत ना ते मोजून घ्या. जीप असेल तर इंची रिंग पाने वेगळे. बारा कोनी गोटीपेक्षा सहा कोनी गोटी गंजलेल्या बोल्टाचे कोन कमी झिजवते. नाशिकच्या टपारियाचे पाने तालुक्याला सहज मिळतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. चकचकीत, बिननावाचा संच पहिल्याच गंजक्या नटावर तोंड वासतो.

यासोबत सर्क्लिप पकड, दोन-तीन पायी पुलर, ॲलन की, इम्पॅक्ट ड्रायव्हर, अर्ध्या किलोचा हातोडा, छन्नी, आणि आटे साफ करायला ६, ८ व १० मिमीचे टॅप-डाय ठेवा. गंजलेल्या नटाला संध्याकाळी गंज सोडवणारं तेल लावा आणि सकाळी हात लावा.

आता लोटसची युक्ती. गाडी खोलताना प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो घ्या आणि वहीत क्रमांक घाला : १, २, ३. प्रत्येक जागेचे बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर तोच क्रमांक. वायरच्या दोन्ही टोकांना पट्टी लावून नाव लिहा. जोडताना वही शेवटच्या पानापासून वाचा. या वहीला हत्याराइतकंच जपा. ती हरवली तर खोलायला लागले त्याच्या कितीतरी पट दिवस जोडायला लागतात.

उचलणारी हत्यारं

एक टनाची चेन कप्पी, दोन टनाचा जॅक आणि चार घोड्या (जॅक स्टँड). कप्पी टांगायला शेडचा पत्र्याखालचा पाइप वापरू नका. तीन जाड नळ्यांची तिपाई किंवा खांबांत पक्की बसवलेली आडवी बीम हवी. गाडीखाली जायचं तर फक्त घोड्यांवर. जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. विटा, सिमेंटचे ब्लॉक, दगड रचून काम करू नका. वीट खचत नाही, एकदम फुटते. घोड्या लावल्यावर गाडी दोन्ही हातांनी जोरात हलवून पाहा. हलली तर पुन्हा लावा.

शेवटच्या जोडणीची हत्यारं

टॉर्क रेंच इथं लागतो. हँडलवर जोर किती द्यायचा हे हाताला कळतं, असं प्रत्येक मिस्त्री सांगतो. इंजिनचं हेड, चाकाचे नट आणि सस्पेन्शनचे बोल्ट मात्र सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्यालाच आवळायचे असतात. काम झाल्यावर रेंचची स्प्रिंग सगळ्यात कमी आकड्यावर सैल करून ठेवा. टॉर्क रेंचनं नट सोडवू नका.

वायरिंगला मल्टिमीटर, क्रिंपिंग पकड, १२ व्होल्टचा दिवा-टेस्टर, फ्यूज आणि रिले. प्रत्येक वायरीला बॅटरीजवळच फ्यूज द्या. उघडी वायर पिळून टेप गुंडाळायची सवय गाडीत आग लावते.

फायबरची बॉडी करणार असाल तर ब्रश, रोलर, ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा आणि रासायनिक वाफेचा मास्क लागेल. रेझिनला हार्डनर एक-दोन टक्केच पडतो आणि आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात मिश्रण भांड्यातच आळतं. पहाटे, छोट्या मापात करा. हार्डनर आणि रेझिन लवकर आळवणारं कोबाल्ट कधीही एकमेकांत थेट ओतू नका, स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण मिसळा, मग हार्डनर.

काय विकत घेऊ नये

लेथ, पाइप बेंडर, हायड्रॉलिक प्रेस, मोठा कॉम्प्रेसर. यांचं काम वर्षात चार वेळा पडतं आणि बीडमध्ये लेथवाला, ट्रॉली बनवणारा, रेडिएटरवाला हे सगळे आहेत. त्यांच्याकडे जाताना कागदावर मिलिमीटरमध्ये चित्र न्या. ‘एवढं-एवढं’ म्हणून दोन बोटांत दाखवलेलं माप परत आणावं लागतं. ब्रेकच्या नळ्यांना टोक फुलवण्याचं काम, ज्याला फ्लेअरिंग म्हणतात, हात बसेपर्यंत जाणत्याकडूनच करून घ्या. ब्रेकला तांब्याची साधी नळी कधीच नको. चौकटीचे मुख्य जोड, स्टिअरिंग आणि ब्रेक एकदा आयटीआयच्या निदेशकाला किंवा अनुभवी वेल्डरला दाखवा.

कुठं आणि कोणत्या क्रमानं

पहिल्या महिन्यात माप आणि पकड. दुसऱ्यात पाने, गोटी सेट आणि ड्रिल. तिसऱ्यात ग्राइंडर, वायरिंगची तयारी, वेल्डिंग मशीन. कप्पी आणि घोड्या इंजिन काढायच्या आठवड्यात. टॉर्क रेंच सगळ्यात शेवटी. या क्रमानं गेलात तर प्रत्येक हत्यार आलं त्या दिवसापासून हातात राहतं, कोपऱ्यात धूळ खात नाही.

साधी हत्यारं बीडमध्येच मिळतात, काही तिथं न मिळाल्यास छत्रपती संभाजीनगर गाठा. पुण्याला काम निघालं तर बुधवारी किंवा रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात व्हाइस, क्लॅम्प, पुलर, कानशी असं जड, न मोडणारं लोखंड धुंडाळा. मुंबईत हत्यारांसाठी नागदेवी स्ट्रीट. जुनी घेण्यासारखी हत्यारं म्हणजे जी फक्त धरतात किंवा ठोकतात. टॉर्क रेंच, घोडी, कप्पी आणि विजेची यंत्रं नेहमी नवी घ्या, कारण त्यांचं आतलं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. व्हाइस घेताना दोन ओठांत कागद धरून आवळा. कागद एका बाजूनं निसटला तर ओठ वाकडे आहेत.

या यादीतलं शेवटचं हत्यार दुकानात मिळत नाही. सगळे टाके मारून झाले, पूर्ण वेल्डिंगला रॉड होल्डरला लावला की थांबा आणि शेजारच्या कुणाला तरी बोलवा. ट्रॅक्टरवाला असो, गवंडी असो, दहावीतला पोरगा असो. त्याच्या हातात तुमचीच टेप द्या आणि दोन्ही कर्ण मोजायला सांगा. तुमचा आकडा त्याला आधी सांगू नका. त्याचा आणि तुमचा आकडा जुळला तर होल्डर उचला. नाही जुळला तर त्याला चहा पाजा, ग्राइंडर सुरू करा आणि टाका सोडवा.